एक भाकरी जास्तीची

काहिलीच्या दुकानात रोज संध्याकाळी झाडलं तरी कोपऱ्यात लोखंडाचा कीस साठतोच. तो कुणी मुद्दाम ठेवत नाही. एखाद्या दिवशी काही शोधायला हात घातला की मूठभर निघतो आणि बोटात घुसतो. किश्शांचंही तसंच आहे. दादा होता तेव्हा मी त्याचा एकही किस्सा जपून ठेवला नाही. आता तो नाही, तर जिथं हात घालावा तिथं तोच टोचतो.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, गणपत. आमचं मूळ गाव खंडाळ्याच्या बाजूला, पण दादानं दुकान टाकलं ते सांगलीत, गुळाच्या पेठेच्या मागं. गुऱ्हाळात उसाचा रस ज्या भल्यामोठ्या कढईत आटवतात ना, ती काहील. अशा काहिली आम्ही बनवायचो, आणि गळक्या झाल्या की ठिगळं लावून द्यायचो. दुकान कसलं, वर पत्रा, आत एक भट्टी, आणि मागच्या भिंतीपलीकडं आमचं राहतं घर.

या आखाडात दादाला कावीळ झाली आणि तो गेला. तिसऱ्या दिवशी मी दुकानाला कुलूप घातलं आणि तसाच घाटावर जाऊन किल्ली कृष्णेत भिरकावली. बरोबर दुकानातला नाना हवालदार होता. त्यानं किल्ली बुडेपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "ब्येस केलंस गड्या. दुसरी वहिनीकडं हाय!"

तर कुलूप कालपर्यंत तसंच होतं. गावाबाहेरच्या नव्या वसाहतीत देवधर साहेबांचा प्लॅस्टिकच्या बादल्यांचा कारखाना आहे. ते मला म्हणालेत, "दसऱ्यापासून कामाला ये. माझ्याकडे तुझं भलं होईल." मी गेलो तर दुकान संपलं, आणि दुकानावर जगणारे नाना आणि धोंडू रस्त्यावर. नाही गेलो तर दुकान चालवणार कोण? मी चौथीतून उठलेला, डोकं तापट, आणि आजवर कधी हातोडा धरलेला नाही. मी कायम खाली असायचो. खाली म्हणजे काय ते सांगतो. ठरवायला बसलो की ठरत काहीच नाही, नुसते किस्से आठवतात.

*

काहिलीचं काम दोघांचं. पत्रे जोडायला रिबीट मारायचं तर काहील लाकडी घोड्यांवर पालथी घालायची. एक जण वर हातोडा घेऊन, दुसरा खाली अंधारात लोखंडी ठोकळा घेऊन. खालच्यानं रिबिटाला ठोकळा दाबून धरायचा, वरच्यानं ठोकायचं. वर दादा, खाली मी. एकमेकांचं तोंड दिसत नाही, ओरडलेलं कळत नाही. म्हणून दादानं खूण ठरवली होती. वरून हातोड्याच्या दोन टिचक्या, म्हणजे 'हायेस का?' खालून ठोकळ्याची एक, म्हणजे 'हाय'. खालून उत्तर आल्याशिवाय दादानं कधी घाव घातला नाही.

त्याच्या टिचक्यासुद्धा त्याच्याच होत्या. टक... आणि मग जरा थांबून, टक. दारात आलेला पाहुणा आत यावं की नको म्हणून घुटमळतो, तसा तो दोन टिचक्यांच्या मध्ये घुटमळायचा. धोंडूनं ती नक्कल करायचा लय प्रयत्न केला. त्याला नाही जमली.

*

काम मागायला आलेल्या माणसाला दादानं कधी 'न्हाई' म्हटलं नाही. 'व्हय' पण म्हणायचा नाही. म्हणायचा, "आधी जेव."

त्यासाठी वहिनी रोज डब्यात एक भाकरी जास्तीची घालायची. डबा परत गेला की ती आधी ती भाकरी आहे का बघायची. नसली की विचारायची, "आज कोन आलं?"

जेवण झालं की दादाचा दुसरा हुकूम, "आता आत बस." आत म्हणजे काहिलीखाली! वर घाव पडायला लागले की खाली जीव नकोसा होतो. दात वाजतात, पोटातलं पाणी हलतं. दुपार उलटेपर्यंत जो पळून गेला नाही, तो दुकानातला झाला. ना अर्ज, ना सर्टिफिकेट.

नाना हवालदार पलटणीतून पेन्शनीत आला होता. घरी बसून सुनेशी भांडणं व्हायला लागली म्हणून काम मागायला आला. जेवला, मिशीला पीळ दिला आणि रुबाबात काहिलीखाली शिरला. बाहेर आला तेव्हा त्याचा पटका मागं आणि मिशी खाली! दादाला कडक सॅल्यूट ठोकून म्हणाला, "गणपा, दुश्मनाच्या तोफा परवडल्या रं! त्या मधी मधी थांबत्यात तरी!"

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन दुकानाच्या पायरीवर बसला होता.

*

एकदा वहिनीनं दादाला लोणंदला धाडलं. तिकडं कांदा स्वस्त, वर्षाचा आणून ठेवू म्हणून. दादा दोन रिकामी पोती घेऊन गाडीत बसला. संध्याकाळी परत आला तो रिकाम्या पोत्यांनिशी, आणि मागं एक काटकुळा, उंच पोरगा.

वहिनी म्हणाली, "कांदं कुठं हाईत?"

"बाजारात लय गर्दी हुती. ह्यो तितं हमाली मागत फिरत हुता, कुनी उभं करंना."

"आवं, म्या कांदं इचारतीया!"

दादानं त्या पोराकडं बोट केलं. "ह्योच आनंल की पुढच्या खेपंला!"

तो धोंडू. दुकानात त्याला अजून कांद्याच म्हणतात. त्या वर्षी आमच्या घरात आमटीला कांदा मोजून पडला, पण वहिनी धोंडूला पहिली भाकरी वाढताना एवढंच बोलली, "खा बाबा. तू लय महाग पडलास."

*

ठोकाठोकीत दिवस गेल्यानं आमच्या दुकानातल्या सगळ्यांचा आवाज मोठा. आम्हाला हळू बोलताच येत नाही. दादा देवळात देवाशी बोलायचा ते बाहेर चपला सांभाळणारीला ऐकू जायचं. तीच त्याला सांगायची, "दादा, दोन नवस झालं, तिसरा ऱ्हायला."

धोंडूला मुलगी बघायला आम्ही मिरजेकडं गेलो. चहापोहे झाले. मुलगी आत गेली. घरातली मोठी माणसं गप्प बसलेली. दादानं धोंडूच्या कानाशी तोंड नेलं आणि त्याच्या मते अगदी हळूच विचारलं, "पोरगी पसंत हाय का? नुसती मान हालव!"

शेजारच्या घरातली कोंबडी उडाली. गल्लीतली पोरं दारात गोळा झाली. धोंडू लाजून पाटाकडं बघत राहिला, मान काही हलेना.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, तोही काही कमी नव्हता. "माझी हालली म्हनावं! त्यांची कवा हालायची?"

दादा बाहेर पडताना मला म्हणाला, "धाकल्या, पोरगी दुकानात चालंल बघ."

*

शिवा नावाचा एक पोऱ्या आमच्याकडंच तयार झाला. हातोडा धरायला लागला, हात बसला, आणि एक दिवस मान खाली घालून दादापुढं उभा राहिला. "दादा, सोताचं दुकान टाकतूया."

"कुठं?"

शिवानं समोर बोट केलं. अगदी समोर! मधे फक्त रस्ता.

माझं डोकं फिरलं. मी त्याच्या अंगावर धावून गेलो, नानानं मला कमरेला धरून मागं ओढलं. दादा मात्र भट्टीकडं गेला, आपला एक जुना हातोडा काढला, पुसला आणि शिवाला दिला. नारळ फोडायला पण स्वतः गेला.

पुढं हंगाम सुरू झाला. एक गुऱ्हाळवाला गळकी काहील घेऊन आमच्या दारात आला. आम्ही सगळे हातावर हात ठेवून बसलो होतो. दादा त्याला म्हणतो, "लय घाई हाय का? मग समोर जा बाबा. माज्याकडं पाय ठेवाय जागा न्हाई!"

त्या माणसानं दुकानात बघितलं. नाना घोरत होता.

गाडी समोर गेल्यावर मी दादावर ओरडलो, "आपल्याला काम नगं का?"

"शिवानं दोन पोरं ठेवल्यात," दादा म्हणाला. "मी ठेवली असती तर जागा कुठं हुती? ती बी माजीच समज."

आता समोर शिवा, कोपऱ्यावर शिवाकडून सुटलेला एक, आणि पुलापलीकडं त्याच्याकडून सुटलेला आणखी एक. दादा रस्त्यानं चालला की तिन्ही दुकानांतले हातोडे थांबायचे. दादा चिडायचा. "मला बघून काम कशापाई थांबवता रं! मी काय अंत्ययात्रा हाय?"

आखाडात तिन्ही दुकानांतले हातोडे खरंच थांबले. मला ते वाक्य तेव्हाच आठवलं. सांगायला दादा नव्हता.

*

देवधर साहेब पुण्याहून इंजिनियर होऊन आलेले. बापासारखी नोकरी कर म्हणून घरचे मागं लागलेले, पण साहेबांना स्वतःचं काही नवं उभं करायचं होतं. वसाहतीत शेड घेतली, बँकेकडून कर्ज घेतलं, मुंबईहून मशीन आणलं. दारावर बोर्ड, 'पन्नास तरुणांना रोजगार'. उद्घाटनाला आम्हा सगळ्यांना बोलावलं.

पुढारी आले, फीत कापली, साहेबांनी बटण दाबलं. मशीननं एक निळी बादली बाहेर टाकली. टाळ्या! दुसरी टाकली. टाळ्या! मशीनजवळ तिघं जण उभे. नाना सारखा इकडं तिकडं बघत होता. शेवटी त्याला राहवलं नाही. त्याच्या मते हळूच बोलला, "बाकीचं तरुन कुठं लपल्यात?"

सगळी शेड हसली. साहेब पण हसले. "येतील नाना! बादल्या खपल्या की येतील."

तेवढ्यात वीज गेली. तिसरी बादली अर्धीच राहिली. पुढाऱ्यांनी भाषण अंधारात केलं.

आम्हाला एक बादली भेट मिळाली. दादानं ती भट्टीजवळ ठेवली, पाणी भरायला. धोंडूनं पाणी भरायच्या आधीच चिमट्यातलं लाल रिबीट तिच्यात सोडलं. बुडाला आरपार भोक!

दुसऱ्या दिवशी दादा ती बादली घेऊन कारखान्यात हजर. भोकाला आमचं रिबीट मारलेलं, पाण्याचा थेंब गळत नव्हता. साहेबांच्या टेबलावर ठेवून म्हणाला, "साहेब, तुमच्या बादलीला आमचं रिबीट लागलं. आता तुमी आमी भागीदार!"

ती बादली साहेबांनी अजून टेबलाखाली ठेवली आहे. त्यात कागद टाकतात.

*

साहेब संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर चहाला यायचे. एकदा म्हणाले, "गणपतराव, वेल्डिंग मशीन घ्या. रिबिटाची कटकट नाही. दोघांचं काम एक जण करील. एक माणूस वाचेल."

दादानं बशीतला चहा फुंकला. "वाचलेला मानूस जातू कुठं, साहेब?"

साहेबांनी बशी पायरीवर ठेवली. "माझ्याकडे येईल. माझा कारखाना वाढला की असे शंभर लागतील मला."

"आन् न्हाई वाढला तर?"

"तर मीसुद्धा तुमच्याकडे येईन!" साहेब हसत म्हणाले. मग गंभीर झाले. "पण खरं सांगू? तुमच्या या पत्र्याखाली आणखी वीस माणसं कधीच मावायची नाहीत. तुम्ही कितीही चांगले असलात तरी."

मला वाटलं, दादा आता काहीतरी फटकन बोलेल. पण तो म्हणाला, "ते बी खरं हाय."

साहेब गेल्यावर तो बराच वेळ मागच्या भिंतीकडं बघत बसला. भिंतीपलीकडं वहिनी भाकरी थापत होती, त्याचा आवाज येत होता. दादा म्हणाला, "धाकल्या, ही भिंत पाडली तर आनखी एक काहील बसंल का रं?"

"आन् ऱ्हायाचं कुठं?"

"व्हय की," तो म्हणाला. पण बघणं काही थांबवलं नाही.

*

ही भिंत नंतर वेगळ्याच कामाला आली. कावीळ झाल्यावर दादा पलीकडं खाटेवर पडून असायचा. अलीकडं दुकानात आम्ही किरकोळ कामं उरकत होतो. दुपारच्या वेळी भिंतीवर टिचक्या पडायच्या. टक... टक. 'हायेस का?' मी ठोकळा घेऊन भिंतीवर एक द्यायचो. 'हाय.' तेवढं झालं की मला काम सुचायचं.

शेवटी शेवटी नाना त्याला बघून आला आणि दुकानात खाली मान घालून बसला. "गणपाच्या हातात पेला बी ऱ्हात न्हाई आता."

मी त्याच्यावर भडकलो. "पेला ऱ्हात नसंल! टिचक्या बघ कशा येत्यात!"

आणि खरंच, त्या दिवशीही आल्या. तशाच, मधे घुटमळून.

मग एका दुपारी आल्या नाहीत. मी ठोकळा धरून बसलोच होतो.

*

काल खंडेनवमी झाली. हत्यारं पुजायचा दिवस. मी जाणार नव्हतो. पण सकाळी दुकानाकडून खडखड ऐकू आली म्हणून गेलो, तर कुलूप उघडलेलं. नानानं आत भट्टीपुढं सगळी हत्यारं मांडलेली, दादाच्या हातोड्याला झेंडूची माळ घातलेली. धोंडू झाडत होता. कोपऱ्यातून मूठभर कीस निघाला.

पूजा होते न होते तोच वाळव्याकडची एक बैलगाडी दारात थांबली. गळकी काहील. गाडीवान म्हणाला, "गनपतदादा गेल्याचं ऐकलं. लय वाईट झालं. पर दसरा झाला की गुऱ्हाळ लावायचंय, काहील कुठं न्यावी कळंना."

मी म्हणालो, "समोर जा. शिवाकडं."

"त्यानंच हिकडं धाडलं," गाडीवान म्हणाला. "त्याच्याकडं पाय ठेवाय जागा न्हाई म्हनला."

मी रस्त्यापलीकडं बघितलं. शिवा आपल्या दारात हातावर हात ठेवून बसला होता. त्यानं पटकन तोंड दुसरीकडं फिरवलं.

काहील उतरवली, घोड्यांवर पालथी घातली. एकच रिबीट गेलेलं. पण हातोडा कोण उचलणार? नाना म्हणाला, "माजा खांदा वर जात न्हाई." धोंडू म्हणाला, "दादाचा हातोडा? म्या न्हाई बाबा."

त्यात देवधर साहेब आले. शर्टाला निळं प्लॅस्टिक चिकटलेलं. विजेच्या कपातीनं कारखाना निम्मा वेळ बंद, तिघांतले दोघं सोडून गेलेले, मशीनवर साहेब स्वतःच उभे राहतात हे सगळ्या सांगलीला माहीत आहे. दारातच उभे राहून म्हणाले, "बबन, उद्या दसरा. येतोस ना?"

मला सगळ्यांचा राग आला. साहेबांचा, गाडीवानाचा, झेंडूच्या माळेचा. कुणाला तोंड दाखवू नये असं वाटलं. मला लपायला एकच जागा माहीत होती. मी ठोकळा उचलला आणि काहिलीखाली शिरलो.

आत तोच अंधार. गुळाचा, राखेचा तोच वास. रिबिटाच्या भोकातून उजेडाचा एक ठिपका माझ्या हातावर पडला होता. मी रिबीट लावलं, ठिपका गेला. ठोकळा दाबून धरला आणि बसून राहिलो. बाहेर कुजबुज चालली होती, म्हणजे आमच्यातली कुजबुज, अख्ख्या पेठेला ऐकू जाणारी. मग एकदम सगळे गप्प झाले.

टक...

मी ठोकळा घट्ट धरला.

...टक.

मधे तसंच घुटमळून. तंतोतंत तसंच.

वरचा हातोडा थांबून राहिला. उत्तर आल्याशिवाय तो पडणार नव्हता. मग मी ठोकळ्यानं एक दिली. हाय.

पहिला घाव तिरका पडला. दुसरा सरळ. तिसरा बरोबर रिबिटाच्या डोक्यावर.

मी बाहेर आलो. काहिलीपाशी वहिनी उभी होती. पदर कमरेला खोचलेला, दादाचा हातोडा दोन्ही हातांत, त्याची झेंडूची माळ तुटून पायाशी पडलेली. नाना सावधानमध्ये उभा. धोंडूच्या हातात झाडू तसाच. दादाच्या हातात पेला राहत नव्हता तेव्हा भिंतीवर टिचक्या कोण देत होतं, ते मला तेव्हा कळलं.

साहेब दारातून एक पाऊल आत आले. माझ्याकडं बघावं की वहिनीकडं, त्यांना कळेना. म्हणाले, "मग... काय ठरलं?"

मी तोंड उघडलं. पण वहिनीनं हातोडा खाली ठेवला, पदरानं कपाळाचा घाम पुसला, येताना आणलेला फडक्यातला डबा पुढं ओढला आणि सोडत म्हणाली,

"साहेब, आधी जेवा."